फाट्यावरचे काळे दगड

वादी सिद्रा, ११ शव्वाल १३८३

विल्मट साहेब,

अल्लाह तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना सुखरूप ठेवो. बाईंचा गुडघा आता कसा आहे? आमच्या बोरीच्या मधाने त्यांना उतार पडायचा. मध पाठवणार होतो, पण मागच्या खेपेला डबा वाटेत फुटला आणि मुकल्लाच्या पोस्टातल्या माणसाने सगळ्यांची चिकट पत्रं माझ्याच अंगावर आणली. म्हणून या वेळी नुसतं पत्र. तेही पोचेल की नाही याची काळजी आहे. पत्ता उस्ताद उमरकडून लिहून घेतला आहे, तो खरा आहे ना?

अक्षर लावून घ्या. मदरशात मी दोनच हिवाळे गेलो, उरलेलं लिहिणं तुम्ही मुक्कामाच्या जागी शिकवलंत. तेव्हा चुका निघाल्या तर निम्म्या तुमच्या.

पत्र लिहायचं कारण तुमचं पुस्तक. उस्ताद उमर आमच्या वादीतल्या शाळेत शिकवतो, त्याला इंग्रजी येतं. एडनला गेला होता तिथून तो ते घेऊन आला आणि म्हणाला, यस्लमकाका, यात तुमचं नाव आहे, चार ठिकाणी. मला किती आनंद झाला ते काय सांगू. मी बोकड कापला. सगळ्या वादीला, खोऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोलावणं पाठवलं. तुमच्या तुरुंगात गेलेल्या बखीतचा मुलगा हुमैद, त्यालाही आग्रहाने बोलावलं, कारण माझ्या मनात काही नव्हतं. म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना, ज्याच्यापुढे मी एकोणीस वर्षं चाललो त्याने माझ्याबद्दल काय लिहिलंय.

उस्तादने आधी आपल्या पहिल्या प्रवासाचं पान वाचलं. तुमची मान उन्हाने कशी सोलली होती, आणि तुम्ही मला विचारलंत की सय्यार म्हणजे हमाल का. लोक खूप हसले. मी तेव्हा दिलेलं उत्तर तुम्ही बरोबर लिहिलंय: सय्यार ओझं वाहत नाही, रक्त वाहतो, ज्याला सोबत दिली त्याला दगा झाला तर तो सय्यारच्या घराने केला असं धरतात. तेही वाचलं. लोकांनी माना डोलावल्या. मग बखीतचं पान आलं.

तुम्ही लिहिलंय, मी शब्दाला शब्द देतो: ‘बखीतला चर्चेच्या निमित्ताने आणायचं आणि अंगणातच पकडायचं, असं मी ठरवलं. यस्लमला काही सांगावं लागलं नाही. त्याने डोळा मिचकावला आणि म्हणाला, पक्षी आपल्या पायांनी पिंजऱ्यात येईल. अशी माणसं नसती तर आम्हाला या मुलखात राज्य करता आलं नसतं.’

साहेब, हे मी कधी म्हणालो? मला डोळा मिचकावता येत नाही. लहानपणी उजव्या डोळ्याला बकरीचं शिंग लागलं होतं, तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच औषध घालायचात.

हुमैदने कॉफीचा प्याला न पिता चटईवर ठेवला. तो उठला. मग एकामागून एक सगळे उठले. मांस परातीत तसंच राहिलं.

तुम्ही कामाची माणसं आहात, म्हणून थोडक्यात लिहितो. त्या वर्षी तुम्ही मला मोहोर मारून कागद दिला होता: एडनहून ऐन वेळी तार आली, अटकेचा हुकूम वरचा, सय्यार यस्लम बिन करामा याला काहीही ठाऊक नव्हतं. बखीतच्या लोकांनी दगाबाजाचा म्हणून फाट्यावर माझ्या नावाने दगडांचा काळा ढीग रचला होता, तो त्या कागदावर त्यांनी पांढरा केला. आता पुस्तक एक सांगतं, कागद एक सांगतो. तुम्ही फक्त दोन ओळी अरबीत लिहून पाठवा की पुस्तकातलं ते वाक्य मजेने लिहिलं. मोहोर नसली तर सही चालेल.

आणि कुणी त्या दिवशीच्या लॉरीबद्दल विचारलं, तर ती घराच्या मागे होती, तिथून मला दिसणं शक्यच नव्हतं. हे सहज लिहितो.

यस्लम बिन करामा


वादी सिद्रा, २० जिल्काद १३८३

विल्मट साहेब,

उत्तर आलं नाही. तिकीट गळून पडलं असेल का? मी खळ लावली होती, पण हवा दमट होती. म्हणून पुन्हा लिहितो. आधीचं मिळालं असेल तर हे फाडून टाका. पण मिळालं नसेल तर फाडू नका.

इकडे बरं नाही. फाट्यावरचे दगड त्यांनी पुन्हा काळे केले. तव्याची काजळी आणि तेल. हुमैद दगडावर उभा राहून तीन वेळा ओरडला: हा ढीग यस्लमचा, करामाच्या मुलाचा, ज्याची सोबत फास निघाली. माझ्या घरून ऐकू येतं तिथून. माझ्या घरची कॉफी आता कुणी पीत नाही. विहिरीवर बायका माझ्या सुनेला जागा देतात, पण तिच्याशी बोलत नाहीत.

एवढ्यावर असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. म्हाताऱ्याचं तोंड काळं झालं काय, पांढरं झालं काय, थोडे दिवस राहिलेत. पण सय्यारने जाणूनबुजून दगा दिला तर त्याच्या घराकडे रक्ताचं देणं लागतं, आणि माझं म्हातारं रक्त घेऊन हुमैद काय करणार? तो फरजचं घेणार. माझा एकुलता मुलगा, लॉरी चालवतो, मुकल्लाहून पीठ आणि रॉकेल आणतो. खजूर उतरवून होईपर्यंत हुमैदने मुदत दिली आहे. तोवर माझ्या बाजूचा पुरावा आणायचा.

मी फरजला म्हटलं, तू बंदरावरच राहा. तो म्हणाला, ‘बाबा, रस्ता एकच आहे. मी लपलो तर ते म्हणतील, पुस्तक खरं होतं.’ मग हसला, म्हणाला, ‘फाट्यावर मी हॉर्न वाजवत नाही आता. तुमचा ढीग झोपलेला असतो ना.’ असली थट्टा करायचा स्वभाव आहे त्याचा, आईवर गेलाय.

ज्या रस्त्यावर तो लॉरी चालवतो, त्याच रस्त्यापायी सगळं झालं. तुम्हाला आमच्या वादीपर्यंत रस्ता हवा होता. बखीत म्हणत होता, रस्ता झाला की लॉऱ्या येतील आणि आमचे उंट उपाशी मरतील. म्हणून त्याने तुमच्या मोजणीवाल्यांच्या डोक्यावरून गोळ्या झाडल्या. डोक्यावरून, बरं का. त्याचा नेम कधी चुकत नसे, चुकवायचं ठरवलं तरच चुकायचा. तुम्ही मला म्हणालात, त्याला घेऊन ये यस्लम, बसू, बोलू, उंटवाल्यांना काही मिळवून देऊ. मी गेलो. तो म्हणाला, तुझ्या सोबतीने येतो, त्या तांबड्या माणसाच्या शब्दाने नाही. त्याच्या मुलीने, मुझनाने, आम्हाला खजुराची थैली बांधून दिली. बारा वर्षांची होती. तिने विचारलं, ‘काका, किती दिवस?’ मी बोटं दाखवली, पाच.

तुमच्या अंगणात आपण कॉफी घेतली. तिसऱ्या प्याल्याला शिपाई आले. तुम्ही घरात गेलात, बाहेर आलात तेव्हा तुमच्या हातात कागद होता आणि डोळे ओले होते. म्हणालात, तार आली, माझा इलाज नाही. मी तुमचे डोळे पाहिले आणि मला तुमची दया आली. बखीतची नंतर आली.

लॉरीचं म्हणाल तर भिंतीआडून फळकुटाचं एक टोक तेवढं दिसत होतं. ते कुठल्याही लॉरीचं असू शकतं.

लवकर लिहा. खजूर आत्ता कुठे लागले आहेत. दिवस आहेत, पण टपाल हळू चालतं.

यस्लम


वादी सिद्रा, ९ मुहर्रम १३८४

विल्मट साहेब,

तुमचं पत्र आणि पुस्तक मिळालं. पुस्तकावर माझं नाव लिहून सही केलीत. फोटोही मिळाला. गुलाबाची झाडं छान आहेत. तुम्ही वाळलात.

पत्र मी स्वतः वाचलं. अरबी तुमची अजून चांगली आहे, फक्त काही अक्षरं थरथरतात. तुम्ही लिहिता की तिकडचे लोक असली पुस्तकं शेकोटीजवळ बसून मौजेने वाचतात, आणि तुम्ही माझी स्तुतीच केली आहे. तुम्ही लिहिता की आता वेगळं काही लिहून दिलं तर पुस्तक खोटं ठरेल, ते या वयात तुम्हाला झेपणार नाही. पुढची ओळ मी पाठ केली आहे, मुद्दाम नाही, आपोआप झाली: ‘मित्रा, तारेची गोष्ट तू इतकी वर्षं खरी धरली असशील असं मला वाटलंच नव्हतं. ती तुझी अब्रू राखायला होती. तूही ती लॉरी पाहिली होतीस आणि गप्प बसलास. म्हणून तर तू माझा सर्वांत चांगला माणूस.’

म्हणजे तार नव्हतीच.

हे वाचून तीन दिवस अन्न गेलं नाही असं लिहिणार होतो. पण मी जेवलो. खजूर आणि सुकी मासळी, रोजच्यासारखी. सून विचारत होती पत्रात काय आहे. म्हटलं, बाईंचा गुडघा बरा आहे.

बखीतला नेल्यावर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिलात. तो बंदरावरच्या तुरुंगात तिसऱ्या महिन्यात तापाने गेला, तेव्हा तुम्ही मला सुट्टी दिलीत आणि घरी पीठ पाठवलंत. मग तुमच्या राजाने तुम्हाला पदक दिलं आणि समुद्रापलीकडे मोठी जागा दिली. तुमच्या पेट्या मी बंदरापर्यंत उतरवल्या. त्यात ती वहीही होती, जिच्यात आमच्या प्रत्येक घराच्या सात पिढ्या तुम्ही उतरून घेतल्या होत्या. होडीत चढताना तुम्ही म्हणालात, यस्लम, या देशात मी एकच माणूस कमावला. अठरा वर्षं मी हे वाक्य लोकांना ऐकवत आलो.

आता लॉरीचं.

पाहिली होती. पूर्ण पाहिली. अंगणाच्या दारातून आत शिरताना डाव्या हाताला उभी होती. ऐन उन्हाळ्यात ताडपत्री चारी बाजूंनी बांधलेली, आणि खालच्या फटीतून बुटांची टोकं. सहा तरी जोड. मी थांबलो. माझ्या मागून बखीत येत होता, त्याने विचारलं, ‘काय झालं?’

मी म्हणालो, ‘काही नाही, काटा गेला.’

वाकून पायातून काटा काढल्यासारखं केलं. तेवढ्या वेळात मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पायरीवर उभे होतात, हसत होतात, आणि बखीतला त्याच्या उंटाच्या खोकल्याबद्दल विचारत होतात. मी मनात म्हटलं, या माणसाने माझ्या हातची भाकरी आणि मीठ खाल्लंय, तो असं करणार नाही. बूट दुसऱ्याच कशासाठी असतील. आणि मी आत पाऊल टाकलं. सय्यार आत गेल्यावर मागचा येतोच.

तुम्ही समजलात की मी गप्प बसलो कारण मी तुमचा माणूस होतो. मी गप्प बसलो कारण मला वाटलं तुम्ही माझे आहात. तिकडच्या लोकांना हा फरक दिसत नसेल.

उत्तर पाठवायची घाई करू नका.

यस्लम


वादी सिद्रा, २ रबिउस्सानी १३८४

विल्मट,

खजूर उतरले. यंदा बारीक आहेत पण गोड आहेत.

मुदत संपायच्या आदल्या सकाळी मी तुझं पत्र घेऊन बखीतच्या लोकांकडे गेलो. फरज यायचं म्हणत होता, त्याला नको म्हटलं. रस्ता सोडून जुन्या उंटवाटेने गेलो, कारण रस्त्याने गेलो असतो तर आपल्याच ढिगाखालून जावं लागलं असतं. गुडघे दुखले. तीनदा बसलो. वाटेत एकदा परत फिरावंसं वाटलं, तेही सांगून टाकतो.

मुझना शेळ्या आवरत होती. आता तिशीची आहे, पण पन्नाशीची वाटते. ती गवताची उंच टोपी घालते सगळ्या बायकांसारखी, त्यामुळे बापाएवढी उंच दिसते, लांबून बखीतच आल्यासारखं वाटलं, तिची चालही तशीच आहे. हुमैद बंदूक मांडीवर घेऊन तेल लावत बसला होता. मला बघूनही त्याने तेल लावणं थांबवलं नाही.

मुझनाने कॉफी ओतली. मी प्याला हातात धरून बसलो, प्यावा की नाही कळेना. ती म्हणाली, ‘पी म्हाताऱ्या. घरात साखर नाही, विष कुठून आणू?’

मी प्यालो. मग म्हणालो, विल्मटचं पत्र आलंय, त्याच्या हातचं, अरबीत. वाचतो.

तुला सांगतो तिथे काय झालं. त्या दोघांना अक्षर येत नाही. तिथे वाचणारा मी एकटाच, आणि ती अक्षरं तूच शिकवलेली. तुझ्या पत्राची पहिली बाजू वाचली की मी सुटत होतो: तार खोटी होती, डाव तुझा होता, तू स्वतःच कबूल केलं होतंस. लॉरीची ओळ पान उलटल्यावर येते. पान न उलटता कागद घडी करून खिशात घातला असता तर कुणी विचारलं नसतं. फरज वाचला असता. मी पान हातात धरून बसलो. हुमैद म्हणाला, ‘संपलं?’

मला वाटतं मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. पण मुझना माझ्या पायांकडे बघत होती. चालून चालून टाचांतून रक्त आलं होतं, ते बघत असेल. मला तो काटा आठवला.

पान उलटलं आणि सगळं वाचलं. सर्वांत चांगला माणूस इथपर्यंत. मग कागद खाली ठेवून बुटांचं सांगितलं, थांबल्याचं सांगितलं, बखीतने काय विचारलं आणि मी काय म्हणालो ते सांगितलं.

 एक शेळी येऊन तुझ्या पत्राचा कोपरा खाऊ लागली, मुझनाने तिला हाकललं.

मग तिने विचारलं, ‘काटा खरंच गेला होता?’

‘नाही.’

‘मग वाकलास कशाला?’

‘त्याचं तोंड बघायला. विल्मटचं. वाटलं, दगा असेल तर तोंडावर दिसेल.’

‘आणि दिसला नाही.’

‘तो हसत होता.’

हुमैद उठला. बंदूक त्याच्या हातात होती. म्हणाला, ‘ऐकलंस ना, ताई? म्हाताऱ्याने बूट पाहिले होते. आता काय राहिलं?’

मुझना म्हणाली, ‘तू बस. तुला वाचता येत नाही, मलाही येत नाही. ज्याला लपवायचं असतं तो ही ओळ वाचत नाही.’

‘म्हणजे सोडून द्यायचं?’

‘सोडून कोण देतंय?’ ती म्हणाली. ‘याने डोळ्यांनी पाहिलं आणि मनाला खोटं सांगितलं. त्याचा एक दगड होतो. पूर्ण ढीग होत नाही. ढीग ज्याने अंगण झाडून कॉफी मांडली त्याचा.’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘फरजला सांग, हॉर्न वाजवत जा. माझ्या शेळ्या रस्त्यावर असतात.’

हुमैद बराच वेळ उभा होता. शेवटी त्याने बंदूक झोपडीच्या खांबाला टेकवली. माझ्याशी तो अजून बोलत नाही. बोलेलसं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे फाट्यावर जमलो. फरजने लॉरी बाजूला लावली आणि तोही उतरला. ढिगातला एक दगड मी निवडला, फार मोठाही नाही, फार लहानही नाही, आणि तो स्वतःच्या हातांनी पुन्हा काजळला. तो रस्त्याच्या डाव्या हाताला ठेवलाय, वेगळा. तो माझा. मी मेल्यावरही तो तिथेच राहणार आहे, मुझनाने तसं सांगितलंय आणि मला ते बरोबर वाटतं. रोज सकाळी खिडकीतून दिसतो. पहिल्या दिवशी बघवत नव्हता. आता तो नसता तर चुकल्यासारखं वाटलं असतं.

बाकीचा ढीग तुझा आहे. चांगला मोठा आहे, लॉरीवाल्यांना वळणावरून दिसतो. नवे लोक विचारतात, हा कुणाचा, आणि त्यांना सांगणं भाग असतं.

तिथे एक अडचण आली, म्हणून हे पत्र. हुमैद दगडावर चढला, त्याने तोंडाशी हात धरले आणि ओरडला: हा ढीग विल्मटचा... आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. सगळेच माझ्याकडे बघायला लागले. नुसत्या नावाने ढीग बसत नाही, कुणाचा मुलगा तेही म्हणावं लागतं, तुला माहीत आहे. तू माझ्या सात पिढ्या वहीत लिहून नेल्यास. एकोणीस वर्षं मी तुझ्यापुढे चाललो, तुझ्या ताटात जेवलो, तापात तुझं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्या दिवशी फाट्यावर मला सांगता आलं नाही. मी कधी विचारलंच नव्हतं. तू कधी सांगितलं नव्हतंस.

हुमैद दगडावरून उतरला. ढीग अजून बिननावाचा आहे.

बाईंच्या गुडघ्याला मध पाठवतोय, या वेळी डबा डांबराने बंद केलाय. परतीच्या टपालाने तुझ्या वडिलांचं नाव कळव.

यस्लम बिन करामा